घोड्याचा हुलगा

हुलग्याचं कढण हे घाईच्या माणसाचं काम नव्हे. आता कुकर आलेत. चार शिट्ट्या दिल्या की झालं, असं माझी सून म्हणते. होतं, नाही असं नाही, पण ते कढण म्हणजे नुसतं तपकिरी पाणी. मी शिकले ते चुलीवर, पितळी पातेल्यात, सोलापुरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. आणि शिकवायला कोण, तर माझे सासरे. त्यांनी जन्मात कधी भाकरी थापली नव्हती. पण हुलगा शिजवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, कारण सगळं आयुष्य त्यांनी तो बैलांसाठी शिजवला होता.

त्र्याहत्तर साल होतं आणि दुष्काळ काही हटायचं नाव घेत नव्हता. आमचे हे एका शाळेत कारकून होते. माझं लग्न नवंच, पोरबाळ नव्हतं. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या, आणि मामंजी माळशिरसच्या पलीकडं गावी एकटेच राहायचे. त्या उन्हाळ्यात ते एकदम आमच्या दारात येऊन उभे राहिले. काखेत वळकटी आणि मागं हमालाच्या डोक्यावर एक पोतं. पोत्यात काय, तर हुलगा. मी म्हटलं ज्वारी आणली असती तर बरं झालं असतं, तर ह्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. मग आत बोलावून सांगितलं, की हा बैलांचा हुलगा आहे. एक बैल छावणीत गेला. दुसऱ्याचं काय झालं ते त्यांना विचारायचं नाही, कधीच नाही.

मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. दुष्काळात बैल कुठं जातात ते माहेरी, बार्शीच्या बाजारात, मी लहानपणापासून पाहिलं होतं.

मामंजी आले तेच मुळी दुखणं घेऊन. मुतखडा. कळ आली की हा एवढा धिप्पाड माणूस फरशीवर गडबडा लोळायचा आणि दातांत उपरणं धरायचा, आवाज म्हणून बाहेर पडू द्यायचा नाही. डॉक्टरांनी फोटो काढून ऑपरेशन सांगितलं. मामंजी तिथंच त्यांना म्हणाले, "पोट कापून घ्यायला मी काय कलिंगड हाय?" आणि धोतर सावरत बाहेर आले. घरी आल्यावर मला फर्मान सुटलं, "पोरी, हुलग्याचं कढाण कर रोज. त्यानं खडा इरघळतो. आमच्यात कुनी पोट कापलं न्हाई आजवर."

झालं, त्या दिवसापासून माझ्या मागं हुलगा लागला. रात्री भिजत घालायचा, तोही मापटंभर. मी म्हणायची, अहो, तुम्ही एकटे पिणार, एवढा कशाला? तर म्हणायचे, थोड्या हुलग्याला कट सुटत न्हाई. सकाळी चूल पेटवली की आधी पातेलं चढायचं. दाणा फुटून आतलं पांढरं दिसेपर्यंत शिजवायचा, मग पाणी गाळून घ्यायचं. ते कोऱ्या चहासारखं दिसायचं. त्याला फोडणी सालासकट ठेचलेल्या लसणाची, जिरं, सुकी मिरची, असला तर कढीपत्ता. वर चिंचेचा कोळ आणि चमचाभर ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावायचं, म्हणजे दाट होऊन अंगाला येतं. मग परत उकळी. मामंजी दारात बसून लक्ष ठेवायचे. "हालव की. तळाला लागलं. लागलं बघ." लागलेलं नसायचं. मला इतका राग यायचा, पण सासऱ्याला उलट बोलायची सोय होती का तेव्हा? मी पळी पातेल्यावर जोरात आपटायची, तेवढंच.

आणि कढण व्हायचं मात्र झकास. ताटलीत भाकरी कुस्करून त्यावर ओतायचे आणि भुरके मारत खायचे. मी पण प्यायची. पोटभरीचं असतं ते, दुपारपर्यंत भूक लागत नाही.

आता प्रश्न उरला तो खालच्या हुलग्याचा. पाणी काढून घेतलं की पातेलंभर शिजलेला दाणा उरतो. ह्यांनी आपलं सरळपणानं सुचवलं, की ह्याची उसळ करूया, धान्य कुठं मिळतंय सध्या. मामंजी ताटावरून उठायच्या बेतात आले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाणी माणसं पीत आली आणि दाणा बैल खात आले. त्यात बदल नाही. "बैलाचा खुराक मानसानं खायाचा? पोटाला आग लागली का तुज्या?" हे बिचारे खाली मान घालून जेवले.

तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडं घोडं खिंकाळलं. मामंजींचा चेहराच बदलला.

आमच्या मागं एक टांगेवाला राहायचा. टांगा स्टेशनवर लावायचा. त्याची बायको आणि तीन लेकरं, सगळ्यांत धाकटी एक मुलगी, ही एवढीशी. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि त्यांच्या खोलीची भिंत एकच होती. भिंत आणि पत्रा यांच्यात हातभर फट होती, त्यामुळं त्यांच्या फोडणीचा ठसका आम्हाला लागायचा आणि आमची भांडणं त्यांना पाठ होती. पण त्यांचं दार पलीकडच्या बोळात. तिथं जायचं तर कोपऱ्यावरून वळसा. मामंजींना तेवढं चालवत नव्हतं, म्हणून पातेलं घेऊन मला पिटाळलं. "घोड्याला दे म्हनावं. कोमट घालायचा, गार न्हाई. आन हाताला कच्चा दाणा लागतो का बघ म्हनावं, न्हाईतर पोट फुगतं."

टांगेवाल्याची बायको उंच, हाडकुळी, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मी तिला आपा म्हणायची. त्यांच्या दाराशेजारी पत्र्याचा आडोसा होता, त्यात ते घोडं उभं. पांढुरकं, फासळ्या दिसत होत्या. मी पातेलं पुढं केलं आणि मामंजींचा सगळा निरोप शब्दाला शब्द सांगितला. ती हसली. "हौ भाबी. घोडे को खिलाती. तुम्हारे मामंजी को दुवा बोलो." आणि माझ्यादेखत तिनं तो हुलगा घोड्याच्या पुढ्यात ओतला. घोड्यानं तोंड घातलं ते वर काढलं नाही. मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं तर मामंजी चक्क डोळे पुसायला लागले.

मग रोजचंच झालं ते. सकाळी आपा बोळाच्या कोपऱ्यावर येऊन माझ्याकडून पातेलं घ्यायची, दुपारी ते घासून परत करायची. घासून म्हणजे कसं, राखेनं लख्ख, बाहेरून आतून. पाण्याचे हाल चालले होते, नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि ही माझं पातेलं आरशासारखं करून आणायची. मला वाटायचं, घोड्याच्या पुढ्यातलं भांडं म्हणून बाई जपत असेल.

इकडं मामंजींची शेखी काय विचारता. ओट्यावर बसल्या बसल्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "आमचा हुलगा खाऊन टांग्याचं घोडं कसं तुकतुकीत झालंय बघा." घोडं स्वतः पाहिलेलंच नाही! पानवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, ह्यांच्या शाळेचा शिपाई काही कागद घेऊन आला तर त्यालाही सांगितलं. लोक तोंडावर हो हो म्हणायचे. मला ऐकून नको व्हायचं. गावभर माणसं खडी फोडायला जात होती, रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी खात होती, आणि आमच्या ओट्यावर घोड्याच्या खुराकाचं कौतुक. मी ह्यांना म्हटलं, त्यांना आवरा. हे म्हणाले, तूच आवर.

एक दिवस पातेलं दुपारी आलं नाही. संध्याकाळ व्हायला आली, मला भात टाकायचा होता, आणि मोठं पातेलं घरात तेवढं एकच. आधीच डोकं तापलेलं. म्हटलं ही काय पद्धत झाली, फुकटचं घ्यायचं आणि वर भांडं अडकवून ठेवायचं. चांगले दोन शब्द सुनवायचे असं ठरवूनच मी बोळात शिरले.

आडोशात घोडं नव्हतं. टांग्यावर गेलं असेल म्हणावं तर टांगा तिथंच होता, चाकं काढून भिंतीला लावलेला. दावणीच्या जागी जळण रचलेलं होतं आणि खुंटीवर गोधडी वाळत होती. घोडं आज गेलेलं नव्हतं. तिथं घोड्याचा वाससुद्धा उरला नव्हता.

दार उघडंच होतं. आत तिन्ही लेकरं माझ्या पातेल्याभोवती बसली होती आणि खात होती. हुलग्याला फोडणी दिलेली होती, लसणाची, मिरचीची. वास आमच्या घरात यायचा तोच. इतके दिवस तो मला माझ्याच हातांचा वाटत होता. आपा उंबऱ्याशी बसून धाकटीच्या ताटलीतले दाणे चिवडत होती आणि मधूनच काहीतरी वेचून बाजूला टाकत होती. मी वाकून पाहिलं. खडे होते. उंबऱ्याच्या कडेला बारीक तांबूस खड्यांचा छोटासा ढीग पडला होता.

हुलगा आणि खडा एकाच रंगाचे असतात. निवडायचा तर डोळ्यांत तेल घालून निवडावा लागतो. मी निवडतच नव्हते. का निवडू? आम्ही वरचं पाणी घेणार, खडे तळाला बसतात, आणि दाणा तर घोड्याला. मीठही मी फोडणीच्या कढणात घालायची, शिजताना नाही.

आपानं वर पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि माझा कसा झाला होता देव जाणे. ती उठली. "पातेला धोके लाती मैं, भाबी." मी म्हटलं, "सावकाश आणा, घाई नाही." भात टाकायचा होता म्हणून तणतणत आलेली मी. तशीच मागं फिरले. आयुष्यात पुष्कळदा मान खाली गेली, पण त्या बोळातून घरी येताना मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. भाताला मी तवली चढवली.

मामंजींना सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या कानावर गेलं तर हुलगा बंद, हे मला लख्ख दिसत होतं. दाणा जनावराचा म्हणजे जनावराचा. आणि तो बंद झाला तर ती तीन लेकरं काय खाणार, हेही मला दिसून आलं होतं. ह्यांना सांगावं तर ह्यांच्या पोटात काही राहत नाही. म्हणून मी एकटीनंच ते पोटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी पातेलं घेऊन तिच्या दाराशी गेले, पण तोंडातून "घोड्याला" निघेचना. मी नुसतंच म्हटलं, "हे घ्या, आपा." तिचा हात पुढं येता येता थांबला. पदर सावरल्यासारखं करून ती तशीच उभी राहिली. माझ्याकडं बघतही नव्हती. मग माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, "मामंजींनी पाठवलंय. घोड्यासाठी." तेव्हा तिनं पातेलं घेतलं. "हौ. खिलाती," म्हणाली.

रोज मी तो शब्द उच्चारायची आणि रोज ती हौ म्हणायची. मागं जळण रचलेलं आम्हा दोघींना दिसत असायचं. मला तर वाटायचं पातेलं ठेवावं आणि पळून यावं. खोटं बोलण्याची लाज वेगळी. ही वेगळीच होती, एका बाईला तिच्याच दारात रोज घोडं व्हायला लावायची.

माझ्या हातून जे होण्यासारखं होतं ते मी सुरू केलं. रात्री दिव्याखाली हुलगा निवडायला बसायची, एकेक मूठ ताटात पसरून. शिजताना मीठ घालायला लागले. कट थोडा कमी काढायची, म्हणजे दाण्यात जीव राहावा. हे सगळं चोरून. पण मामंजींच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ.

"हुलगा कवाधरनं निवडाया लागलीस?"

"कढणात खडे येतात, मामंजी."

"खडं खाली बसत्यात. जनावराला खडा कळत न्हाई, ते जिभंनं बाजूला सारतं."

मी म्हटलं, "घोड्याचे दात नाजूक असतात म्हणे." काहीच्या बाही. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी पातेल्यातला एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "मीठ घातलंस?" मी म्हटलं, उन्हाळा आहे, घोड्याला घाम येतो, मीठ लागतं, आपाच म्हणाली. हे मात्र त्यांना पटलं. "बाय शानी हाय," म्हणाले. "टांगेवाला बी मुलकाचा शाना दिसतोय. खिंकाळल्याला आवाज येत न्हाई अलीकडं. पोट भरल्यालं जनावर वरडत न्हाई." मी मान हलवली आणि बाहेर जाऊन उगीचच वाळलेले कपडे पुन्हा झटकले.

आणि मग एक दिवस पहाटे मामंजींचा खडा पडला. कढणानं पडला का आपोआप, डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं कोण जाणे. पण मामंजी मोरीतून बाहेर आले ते नवऱ्या मुलासारखे. अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली. म्हणाले, आज खुराक मी नेनार. त्या मुक्या जनावराचा बी यात वाटा हाय. आणि डब्यातला गुळाचा खडा काढून हातात घेतला. घोड्याला गूळ फार आवडतो म्हणे.

मी म्हटलं, ऊन लागेल, आत्ताच दुखण्यातून उठलाय. तर म्हणाले, ऊन मला शिकवू नकोस. मी म्हटलं, घोडं आत्ता टांग्यावर गेलं असेल. तर म्हणाले, मग येईतवर बसतो. मी म्हटलं, आपा घरी नाही. तेवढ्यात फटीतून आपाचा आवाज आला, पोरांवर ओरडत होती. मामंजी हसले. "चल. घे पातेलं."

मी मागं आणि ते पुढं, काठी टेकत, हातात गूळ. बोळात शिरताना मी मुद्दाम मोठ्यानं खोकले, पातेल्यावरचं झाकण वाजवलं. काय उपयोग त्याचा? घोडं काय असं आयत्या वेळी उभं करता येतं?

मामंजी आडोशासमोर थांबले. जळणाकडं पाहिलं, खुंटीकडं पाहिलं, टांग्याच्या काढलेल्या चाकांकडं पाहिलं. शेतकरी माणूस. गोठा रिकामा होऊन किती काळ झाला हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. आपा दारात आली आणि माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं मी सांगितलं. तिच्या पायाशी धाकटी उभी होती, हातात रिकामी ताटली घेऊन. पातेलं यायची वेळ होती ना. तीच बोलली. "हमारा घोडा नै है. अब्बा बेचे."

"कवा?" मामंजींनी विचारलं.

आपा खालच्या आवाजात मराठीत म्हणाली, "लई दिस झाले."

पोरीचं सगळं लक्ष गुळाकडं होतं. मामंजींनी तिच्याकडं पाहिलं, हातातल्या गुळाकडं पाहिलं. मला वाटलं आता देतील. त्यांनी मूठ मिटली आणि वळून चालायला लागले. मी पातेलं घेऊन मधेच उभी. पुढं करावं तर आपाचे दोन्ही हात पदराखाली गेलेले. मीही तशीच मागं फिरले.

घरी येऊन मामंजी ओट्यावर बसले नाहीत. आत भिंतीला टेकून बसले. मूठ उघडली तर गूळ घामानं विरघळून बोटांना चिकटला होता.

"तुला ठाव हुतं?"

"व्हय," मी म्हटलं.

"म्हनून मीठ."

"व्हय."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

आता मलाही राग आला होता, त्यांचा, माझा, सगळ्याचाच. सासऱ्याला कधी उलट बोलले नव्हते ती बोलले. "सांगितलं असतं तर दिलं असतंत का तुम्ही? घोडं नाही, पोरं खातात, असं सांगितलं असतं तर?"

मला वाटलं उखडतील. दिलं असतं, मला काय समजतेस तू, असं काहीतरी म्हणतील. म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते बोटांवरचा गूळ बघत बसले.

"न्हाई," म्हणाले. "नसतं दिलं."

ते खरं बोलत होते.

मग म्हणाले, "पोरीला गूळ दिला न्हाई मी. हात फुडं झालाच न्हाई. घोड्याचा म्हनून आनलेला." आणि थोड्या वेळानं, "ते पातेलं नेऊन दे. आता दे. माझं नाव सांग, लेकरांला दिलंय म्हनून सांग."

मी नेलं. ऊन मी म्हणत होतं. आपानं दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, "मामंजींनी दिलंय. लेकरांसाठी." तिनं मान हलवली. मी म्हटलं, "त्यांना वाईट वाटलंय, आपा. घ्या." ती रागावलेली नव्हती, हे सांगायला हवं. रागावली असती तर मी भांडले असते तिच्याशी. ती मला समजावून सांगावं तशी बोलली.

"जनावर के वास्ते लेती थी मैं, भाबी. जनावर के वास्ते लेने को शरम नै. हमारे वास्ते कैसा लेऊँ? और तुमारे मामंजी पूरे गल्ली में बोले हैं ना, घोडे को खिलाता मैं. अब सब को समझेगा, वो घोडा कौन था."

"कोणाला कळणार नाही. मी सांगत नाही, मामंजी सांगत नाहीत."

"तुम को तो मालूम है."

मला कितीतरी दिवस मालूम होतं. पण ते दोघींनी न बोललेलं होतं, आणि आता ते बोललं गेलं होतं. तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि दार लावून घेतलं. आत पोरगी रडायला लागली होती.

मी पातेलं परत आणलं आणि चुलीशेजारी ठेवलं. मामंजींनी पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. दिवसभर ते तिथंच होतं. उन्हाळ्यात शिजलेला हुलगा संध्याकाळपर्यंत आंबतो, म्हणून मी दोनदा उकळी आणली. टाकून द्यायचा म्हणजे पाप, आणि द्यायचा कोणाला?

दिवेलागणीला हे अजून आले नव्हते. मामंजी पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "वाढ."

"भाकरी होतेय."

"त्यो हुलगा वाढ."

मी त्यांच्याकडं पाहिलं. मग आपा द्यायची तशी फोडणी दिली, लसूण, मिरची. ताटात वाढला. जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं तो दाणा खाल्ला. आधी एक घास, चावत राहिले कितीतरी वेळ. "बरा लागतोय," म्हणाले, माझ्याकडं न बघता. मग दुसरा घास घेतला.

भिंतीपलीकडं भांडी वाजली. मग धाकटीचा आवाज आला, पत्र्याच्या फटीतून, अगदी आमच्या खोलीत बसून बोलावं तसा.

"अम्मी, आज हुलगे नै क्या?"

झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"अम्मी, वास आरा. हुलगे का वास आरा."

मामंजींचा घास हातातच राहिला. फोडणीचा वास होता, आमच्याच चुलीवरून तिकडं गेलेला. आपाचा आवाज आला, "चुप." पोरगी चुप झाली नाही. रडतही नव्हती, नुसती विचारत होती, पुन्हा पुन्हा, समजत नाही म्हणून विचारावं तशी.

"स्टो पेटव," मामंजी म्हणाले.

"चहा ठेवू?"

"पेटव म्हनतो न्हवं."

रॉकेल रांगेत उभं राहून आणलेलं, तळाला थोडंसं उरलेलं. मी काकडा पेटवला, पिन मारली, पंप मारला. स्टो फरफरायला लागला आणि पलीकडचं काही ऐकू येईनासं झालं. मामंजींनी ताटातलं संपवलं, शेवटच्या दाण्यापर्यंत. मी पंप मारत राहिले. स्टोवर काहीच ठेवलेलं नव्हतं.